इर्जिक, वेठ आणि वाद्यवृंद



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर आला की तो कायद्यावर बोलणार, संपावर बोलणार, निदान महागाईवर तरी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांचीही तीच अपेक्षा असावी. आम्ही कळविले की, गाण्याच्या एका कार्यक्रमाला आम्ही मदतीला गेलो होतो, त्याविषयी बोलू. त्यांच्यापैकी एकांनी विचारले, "अण्णा, कार्यक्रम कसला? भजनाचा, की तमाशाचा?" आम्ही म्हटले, "रॉकचा." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्यांनी मोठ्या मनाने विषय मंजूर केला. तेव्हा त्यांचे आभार मानून आरंभ करतो.

गाण्यातले आम्हांला फारसे कळत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. आमची शाळा सातवीला संपली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवरच्या सभांत. परंतु ओझे कसे उचलतात, कोण उचलतो आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशात जातात, या विषयात आम्ही तीस वर्षे घालविली आहेत. त्या बाजूने आज बोलावयाचे आहे.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या संघटनेचे सभासद असलेली चार-पाच पोरे आहेत. कोणी फिटर, कोणी इलेक्ट्रिशियन. दिवसपाळी असेल तेव्हा रात्री आणि रात्रपाळी असेल तेव्हा दुपारी, एका बंद गोडाऊनमध्ये ही पोरे गिटारी आणि ड्रम वाजवीत असतात. ती स्वतःची गाणी करीत नाहीत. पिंक फ्लॉइड नावाचे विलायतेतले एक जुने मंडळ आहे, त्याची गाणी जशीच्या तशी वाजवितात. अशा मंडळाला 'ट्रिब्यूट बँड' म्हणतात. ट्रिब्यूट म्हणजे आदरांजली.

आमच्या वयाच्या मंडळींना हे सांगितले की ती पटकन म्हणतात, "म्हणजे नक्कलच की!" आम्हांला ते पटत नाही. कीर्तनकार तुकोबांचा अभंग गातो, त्याला कोणी नकल्या म्हणत नाही. बालगंधर्व १९६७ साली गेले. त्यांच्या गायकीचा दिवा जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी पुढे कित्येक वर्षे तेवत ठेवला, आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ज्यांच्या नावाने जग वेडे झाले त्या बीटल्सची पहिली मोठी तबकडी १९६३ साली निघाली. तिच्यावर १४ गाणी होती आणि त्यांतली ६ दुसऱ्यांची होती. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात १९८८ साली काही तरुणांनी पिंक फ्लॉइडची गाणी वाजविणारे मंडळ काढले. ते पुढे इतके नावारूपाला आले की, मूळ मंडळातल्या डेव्हिड गिल्मर यांनी १९९६ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनाच वाजवावयास बोलाविले. मूळ धन्याला ज्याची लाज वाटली नाही त्याची आपण का वाटून घ्यावी?

हे वेड आपल्याकडे कालपरवा आले असेही नाही. याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवली येथे १९७१ साली 'स्नेह यात्रा' या नावाने तरुणांचा रॉक संगीताचा मेळा भरला होता. मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे कार्यक्रम होऊ लागले. पुढे शेजारच्या रुग्णालयांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात मोडला आणि रात्रीचे गाणे तेथून उठले. त्या काळातली आपल्याकडची बहुतेक रॉक मंडळे परक्यांचीच गाणी वाजवून हात बसवीत होती. असो.

या पोरांचा कार्यक्रम पुण्यात एका मोकळ्या पटांगणावर ठरला. तिकीट होते, पण माफक. फिटर पोरगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "अण्णा, माणसं कमी पडतायत. संघटनेची आठ-दहा मंडळी मदतीला आली तर सामान चढेल-उतरेल." आम्ही आठ जण गेलो. त्यांत दोघे निवृत्त होते, आणि एक तर आयुष्यभर भजनात टाळ वाजविलेला माळकरी.

रॉकच्या कार्यक्रमाचे सामान हा काय प्रकार आहे ते पाहिल्याखेरीज कळणार नाही. आपल्या भजनी मंडळाचे सामान एका पोत्यात मावते. येथे एक टेम्पो आणि एक ट्रक. ध्वनिक्षेपकाचे खोके एवढे जड की चार माणसे लागावीत. दिव्यांसाठी लोखंडी सांगाडे, जनरेटर, आणि वायरींच्या भेंडोळ्या तर विचारू नका. ट्रक भरण्याचेही शास्त्र असते. उतरल्यावर ज्याची गरज शेवटी, ते सर्वांत आत भरावयाचे. जमिनीवरच्या वायरी आणि सांगाडे आधी लागणार, म्हणून ते फाळक्याशी. वायर गुंडाळण्याचेही तसेच. आपण शेतातली मोटारीची वायर कोपरावर गुंडाळतो. तेथे तसे केले तर साउंडवाला अंगावर येतो. एक वेढा सरळ, दुसरा उलटा, असे आलटून पालटून वेढे घालावयाचे, म्हणजे आतल्या तारेला पीळ बसत नाही आणि भेंडोळे फेकले की सरळ उलगडत जाते. आमच्यातल्या माळकऱ्याने ते पाच मिनिटांत आत्मसात केले, आणि पुढे तो इतरांना शिकवू लागला.

परंतु आमचे सामानाला हात लागण्यापूर्वीच एक गोष्ट घडली, आणि आजचे व्याख्यान तिच्यासाठीच आहे. साउंड आणि मंडप यांचे काम एका ठेकेदाराकडे होते. त्याची दहा माणसे ट्रकपाशी उभी होती. बहुतेक आष्टी-पाटोद्याकडची पोरे. उसाचा हंगाम संपला की कोयता टेकवून पुण्यात असले काम धरणारी. उसाच्या या मुलखात त्यांची ओळख आपल्याला वेगळी करून द्यावयास नको. ठेकेदाराने आम्हां आठ जणांना पाहिले, मनाशी हिशेब केला आणि चौघांना म्हणाला, "तुम्ही जा, आज लागत नाही." ती चौघे काही न बोलता निघाली. एकाने फक्त जाता जाता विचारले, "बसभाड्याचं काय?"

आम्ही आमच्या मंडळींना जागच्या जागी थांबविले. ठेकेदाराला म्हटले, "ही चार माणसे परत येईपर्यंत आमचा हात तुमच्या खोक्याला लागणार नाही." तो हसत म्हणाला, "साहेब, तुम्ही तर मदतीला आलात ना? मग मदत करा की!" शब्द साधा, पण त्याच्या पोटात केवढा व्यवहार होता! आमचा घाम फुकट, म्हणून चार घरांची त्या रात्रीची मजुरी बुडणार, आणि ती बुडलेली मजुरी काही तिकीट घेणाऱ्याला परत मिळणार नव्हती, वाजविणाऱ्यालाही नाही. ती ठेकेदाराच्या खिशात उरणार होती. त्याने मंडळाशी दर दहा माणसांचा ठरविला होता.

बँडच्या पोरांना आमचा पवित्रा रुचला नाही, हे सांगितले पाहिजे. कार्यक्रमाला चार तास राहिलेले, आणि आम्ही हात बांधून उभे! ड्रम वाजविणारा पोरगा तर रडकुंडीला येऊन म्हणाला, "अण्णा, इथंसुद्धा संप?" फिटरने खिशातली वही काढली आणि आमच्यापुढे धरली. तिच्यात जागेचे भाडे, परवान्यांचा खर्च, साउंडचा ठेका, जेवण, तिकिटांची जमा, सारे पैसा-पैशाने लिहिलेले होते. वाजविणाऱ्यांच्या नावापुढे शून्य होते. "आम्हालाच काही सुटत नाही, तर आम्ही कोणाला लुटणार?" हा त्याचा प्रश्न होता, आणि तो खराच होता.

येथे आम्हांला आपल्या जुन्या गावगाड्यातले दोन शब्द आठवले. तरुण मंडळींना ते ठाऊक असतील-नसतील, म्हणून थोडे थांबतो. इर्जिक म्हणजे काय? एखाद्याची नांगरट अडली, घरात बैल कमी, माणूस आजारी, तर शेजारचे शेतकरी आपापले नांगर-बैल घेऊन त्याच्या रानात उतरत आणि दिवसात शिवार उलटे करून देत. मजुरी कोणी घेत नसे. संध्याकाळी रानाचा धनी सर्वांना पोटभर जेवू घाली. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. सावड हीही त्याच घरची. आणि दुसरा शब्द वेठ. वेठीतही मजुरी नसे. पण तेथे बोलावणारा उलट कधी येत नसे. पाटलाचा निरोप आला की जावयाचे, सरकारी साहेबाचे सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून पोचवायचे. ती विशेषेकरून महारवाड्यावर लादलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती मांडली ती त्या जोखडाविरुद्धच. पुढे आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला मनाई झाली, आणि इंग्रजी मसुद्यात 'बेगार' हा आपलाच शब्द तसाच्या तसा बसला.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. तेथेही माणसे फुकट राबतात, येथेही राबतात. म्हणून आम्ही फिटरला म्हटले, "तुम्ही पाच जण एकमेकांसाठी फुकट वाजवता, आम्ही आठ तुमच्यासाठी आलो, ही इर्जिक झाली. उद्या आमच्या सभेला तुम्ही याल, कर्णा लावाल. पण ती आष्टीची पोरे तुमच्या इर्जिकीत नाहीत. त्यांच्या रानात तुम्ही कधी जाणार नाही. त्यांचे पोट यावर आहे. त्यांच्या जागी आम्ही उभे राहिलो की आमच्या इर्जिकीची त्यांच्यावर वेठ होते."

वाद पाऊण तास चालला. शेवटी चौघांना रस्त्यावरून परत बोलाविले. मध्यरात्रीनंतरच्या उतरवणीचे जादा पैसे ठरले. ठेकेदार त्यांतले अर्धेच द्यावयास कबूल झाला, अर्धे मंडळाच्या वहीतून गेले. म्हणजे पोरांची तूट वाढली. हा निवाडा पुरा न्यायाचा झाला असे आमचे म्हणणे नाही. त्या पोरांवर नाहक भार पडला. परंतु त्या वेळी तेवढाच पदरात पडला. आम्ही आठ जणांनी मग खोकी सोडून दुसरी कामे घेतली. दारावर उभे राहिलो, पाणी भरले, म्हाताऱ्या मंडळींना खुर्च्या दिल्या, आणि वायरींवरून कोणी अडखळू नये म्हणून राखण केली.

राखणीच्या निमित्ताने कार्यक्रम पुरता ऐकला. पिंक फ्लॉइडची १९७३ सालची एक तबकडी आहे, 'द डार्क साइड ऑफ द मून'. जगात तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पोरांनी ती अथपासून इतिपर्यंत वाजविली. तिच्यात पैशावरचे एक गाणे आहे. ते नाण्यांच्या खणखणाटाने आणि दुकानातल्या गल्ल्याच्या आवाजाने सुरू होते, आणि त्याचा ठेका सात मात्रांचा. आमचा माळकरी मांडीवर हात आपटीत म्हणाला, "अहो, हे तर रूपकात आहे!" मध्येच गिटार सुटते तेव्हा मात्रा चारांच्या होतात, तेही त्यानेच आम्हांला दाखविले.

पण आम्ही चमकलो ते दुसऱ्याच गोष्टीने. गाण्यांच्या अधूनमधून कोणीतरी बोलल्यासारखे, हसल्यासारखे आवाज येत होते. पोरांनी ते मूळ तबकडीवरून यंत्रातून सोडले होते. फिटरने नंतर सांगितले की, हे आवाज गायकांचे नव्हेत, तर त्या मंडळाचे सामान वाहणाऱ्या माणसांचे आहेत. आमचा विश्वास बसेना, म्हणून पुढे आम्ही वाचून पडताळले. खरेच आहे. रॉजर वॉटर्स यांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून भोवतालच्या माणसांना विचारले आणि त्यांची उत्तरे मुद्रित केली. त्यांत क्रिस ॲडमसन आणि पीटर वॉट्स हे सामान वाहणारे, मांडणारे लोक होते. मुद्रणगृहाचा दरवान जेरी ओड्रिस्कल हाही होता, आणि तबकडीवरचे अगदी शेवटचे बोल त्या दरवानाचे आहेत. हाच पीटर वॉट्स मंडळाच्या १९६९ च्या एका तबकडीच्या मागच्या वेष्टनावर, विमानाच्या धावपट्टीवर मांडलेल्या सगळ्या सामानाबरोबर सहकाऱ्यासह उभा आहे. आपल्याकडे हमालाचा फोटो कशावर छापला जातो, आठवून पाहा.

अर्थात विलायतेतही सारे सोन्याचे नाही. त्याच तबकडीवर क्लेअर टॉरी नावाच्या बाईंचे, शब्दांवाचून नुसत्या स्वरांचे एक गाणे आहे. अंगावर काटा आणणारे आहे. त्या बाईंना त्या रविवारच्या कामाचे ३० पौंड मिळाले. रविवार म्हणून दर दुप्पट होता, नाहीतर पंधराच मिळते. स्वर त्यांचा, रचनाकार म्हणून नाव मात्र दुसऱ्याचे. तीस वर्षांनी, २००४ साली, त्या कोर्टात गेल्या. २००५ साली तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेत त्यांचे नाव लागते. तीस वर्षे थांबून दावा जिंकणाऱ्या कामगारांविषयी आम्हांला नेहमीच आदर वाटत आला आहे.

त्या रात्री पटांगणावर आमच्या मनात आले ते हे. १९७३ साली लंडनमध्ये ज्या हमालांना बोलते केले त्यांचे आवाज पुण्यात हजार माणसे ऐकत होती; आणि तो आवाज ज्या खोक्यातून येत होता तो खोका वर चढविणारा पोरगा त्याच खोक्यामागे, पोत्यावर डोके टेकून झोपला होता. त्याचे नाव मंडळातल्या कोणाला ठाऊक नव्हते. मूळ मंडळाची प्रत्येक सुरावट पोरांनी हुबेहूब उचलली, पण मूळ मंडळाने आपल्या हमालांना जे विचारले ते विचारावयाचे राहिले. कार्यक्रम संपल्यावर हे आम्ही पोरांना सांगितले. ड्रमवाला काही न बोलता उठला आणि चहाची किटली घेऊन मागे गेला.

कोणी म्हणेल, अण्णा, चहा आणि नाव यांनी काय होते? नुसत्या त्यांनी काही होत नाही, हे खरे. नावाबरोबर जबाबदारी यावी लागते. टोरोंटो शहरात १६ जून २०१२ रोजी रेडिओहेड या मंडळाच्या कार्यक्रमापूर्वी, दारे उघडण्याच्या तासभर आधी, मंचाचे छत कोसळले. ड्रमची जुळणी करणारा स्कॉट जॉन्सन हा ३३ वर्षांचा तंत्रज्ञ त्याखाली मेला. खटला उभा राहिला, पण फार लांबला म्हणून २०१७ साली तो गुंडाळला गेला आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. २०१९ साली तेवढी चौकशी झाली आणि शिफारशी निघाल्या. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी येथे लेस हार्वी हा गिटारवादक मंचावरच गेला. ध्वनिक्षेपकाला अर्थिंग नव्हते. हातात विजेची गिटार, आणि त्याने माइकला हात लावला. ही परदेशातली, गाजलेल्या मंडळांची गोष्ट. आपल्याकडच्या यात्रांत अर्थिंगची सळई कोण तपासतो?

आपल्या देशातले एक उदाहरण देतो, कारण ते करमणुकीच्या मंचाला फार जवळचे आहे. दिल्लीत १९८२ साली आशियाई खेळ भरले, त्यांच्या बांधकामावर हजारो मजूर होते आणि मध्यस्थ जमादार त्यांची मजुरी कापीत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की, किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम हे २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरीच होय. भूक हीदेखील सक्ती आहे. आम्ही हा निकाल मराठीतून समजून घेण्यासाठी एका वकिलाच्या पायरीवर चार संध्याकाळी बसलो होतो. आपल्या राज्यातही १९६९ चा माथाडी कायदा आहे. बाजारात पोते उचलणाऱ्याची त्याखाली नोंद होते, त्याची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत जमा होतो. त्या रात्रीच्या दहा पोरांना आम्ही विचारले. नोंद एकाचीही नव्हती. त्यांना माहीत असलेला एकच हिशेब म्हणजे मुकादमाकडून घेतलेली उचल.

आणि तरीही फुकट मदतीच्या विरुद्ध आम्ही नाही. तसे असतो तर संघटनेच्या कामातच पडलो नसतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. मोठमोठे वादक बिदागी न घेता आले. ती इर्जिकच होती, आणि फार थोर इर्जिक. मात्र करसवलतीची कागदपत्रे आधी झाली नव्हती, म्हणून त्यातला बराच पैसा पुढे कित्येक वर्षे करखात्यात अडकून पडला. निर्वासित भुकेले आणि पैसा कुलपात! मन मोठे असले तरी वही लागते. आमच्या फिटरजवळ वही होती म्हणूनच त्या रात्रीचा वाद सुटला. नसती तर आम्ही भांडून परत आलो असतो.

आता आपल्या गावाकडे येतो. यात्रा आली की नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन तमाशाची सुपारी द्यायची, नाहीतर ऑर्केस्ट्रा आणायचा, ही आपली रीत. फडाचे पैसे किती, यावर यात्रेच्या बैठकीत रात्र-रात्र काथ्याकूट होतो. पण कनात ठोकणारे किती आणि त्यांची जेवणखाणाची सोय काय, हा प्रश्न आम्ही तरी बैठकीत ऐकलेला नाही. "पोरं आहेत की गावची, करतील" असे म्हणून विषय संपतो. गावची पोरे जरूर करतील, आणि त्यांनी करावेही. फक्त त्यांच्या करण्याने कोणाची मजुरी बुडते आहे का, एवढे आधी पाहावे. आणि जमाखर्चात 'हमाली' असे एक स्वतंत्र सदर घालून ते यात्रेनंतर देवळाच्या भिंतीवर लावावे. त्याला कायदाही लागत नाही आणि आमच्यासारखा पुढारीही.

शेवटी एक निरोप. या पोरांना वाघेश्वराच्या या गावात येऊन वाजवावयाचे आहे. भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यातूनही मंडळी येतील असे त्यांचे म्हणणे. तिकीट नाही. वाजविणारे काही घेणार नाहीत. मात्र उतरवणीला ती आष्टीची माणसेच येणार, त्यांची मजुरी आधी ठरणार, आणि वाजविणारे, वाहणारे व आपण गावकरी एकाच पंगतीला बसणार, एवढ्या अटी त्यांनी स्वतःच घातल्या आहेत. माळकऱ्याने रूपकाच्या गाण्याला टाळ धरावयाचे कबूल केले आहे. कसे जमते ते त्यालाच ठाऊक. अडचण आहे ती विजेची. गावच्या लाइनवर तो भार झेपणार नाही. ज्यांच्याकडे मोठा जनरेटर असेल त्यांनी सभा सुटल्यावर आम्हांला भेटावे, आणि येताना त्याची अर्थिंगची वायर शाबूत आहे की नाही ते पाहून यावे.